गेम इझी मोडवर संपवणाऱ्याला खरा गेमर म्हणायचं का?

प्रश्न असा आहे: "माझा मित्र प्रत्येक गेम इझीवर संपवतो आणि 'संपवला' म्हणून सांगत फिरतो. अशाला गेमर म्हणायचं का? आणि मी पहिल्यांदाच गॉड ऑफ वॉर (२०१८ चा) सुरू करतोय, डिफिकल्टी कोणती ठेवू?"

म्हणायचं. मित्राने गेम विकत घेतला, वेळ काढला, शेवटपर्यंत नेला. त्याने गेम संपवला. यापुढे वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही. पण वाद घालणारी माणसं घरातच असतात. आमच्या घरात हा वाद कित्येक वर्षं चालू आहे आणि त्याची झळ माझ्या मुलीला लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा आतेभाऊ माझ्यापेक्षा मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. तो पुण्यात असतो. सेकिरो, एल्डन रिंग असले अवघड म्हणून नावाजलेले गेम खेळतो, आणि डिफिकल्टी कमी करून खेळणाऱ्याला सरळ "यूट्यूबवर बघ की मग" म्हणतो. मला म्हणाला तर मी ऐकून घेतो. गणपतीत सगळे गावी जमलो होतो, तेव्हा माझी मुलगी त्याला तिचा सेलेस्टे दाखवायला गेली. मेहुण्याने दुबईहून आणलेला स्विच आहे, म्हणजे हातात धरून खेळायचं निन्टेन्डोचं मशीन, त्यावर ती खेळते. ज्यांनी सेलेस्टे पाहिला नसेल त्यांच्यासाठी: मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, एवढाच गेम. उडी, हवेत एक डॅश (झटक्यात झेप) आणि भिंतीला धरून राहणं. केस लाल असले की डॅश शिल्लक आहे, निळे झाले की वापरून झाला, पाय जमिनीला लागेपर्यंत सहसा परत मिळत नाही. भिंतीला जास्त वेळ धरलं की दम संपतो आणि मॅडलिन खाली पडते. शेवटच्या शिखरापर्यंत पोचायला चांगल्या चांगल्यांचा घाम निघतो.

पोरगी शिखरावर पोचली होती. हे दाखवायचं म्हणून दिवसभर दादाच्या मागे होती. दादाने स्विच हातात घेतला, पॉज केलं आणि पहिली नजर गेली ती असिस्ट मोडवर, म्हणजे गेम सोपा करायच्या सेटिंगवर. स्पीड ८० टक्के, दम न संपणारा. "अगं, हे चीटिंग झालं. असं तर कुणीही चढेल." झालं. बाकीच्या पोरांना तेवढंच हवं होतं, विसर्जनापर्यंत तिला "चीटर, चीटर" करून भंडावून सोडलं. तिने स्विच कपाटात टाकला आणि पुढे बरेच दिवस काढलाच नाही.

असिस्ट मोड हा कुणी चोरून घातलेला कोड नाही. २०१८ मध्ये गेम आला तो त्याच्यासकट आला. स्पीड दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो, डॅश वाढवता येतात, मरणसुद्धा बंद करता येतं. हे सगळं ज्यांनी डोंगर बनवला त्यांनीच दिलेलं आहे. एवढंच नाही, असिस्ट बंद असतानाही हा गेम तुम्हाला सांभाळून घेतो. कडेवरून पाय सुटला तरी पुढचा क्षणभर उडी मारता येते. बटण थोडं आधी दाबलं तरी जमिनीला टेकताच उडी लागते. डोकं कोपऱ्याला जरासं आपटलं तर गेम स्वतःच मॅडलिनला बाजूला सरकवून वर जाऊ देतो. बनवणाऱ्यांनी हे सगळं जाहीरपणे सांगितलेलं आहे. म्हणजे दादाने "असली" म्हणून जो सेलेस्टे खेळला, त्यातही त्याला मदत होतीच. ती मेनूत दिसत नव्हती, इतकंच.

आता मूळ भांडणाकडे येतो. दादाचा सगळा रुबाब उभा आहे तो मुस्तफावर. नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी सांगतो: कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ चा. तिघांना एकत्र खेळता यायचा, निवडायला चारजण होते, पण पिवळ्या टोपीचा मुस्तफा इतका लाडका की गेमचं नावच मुस्तफा पडलं. पळत येऊन हवेत लाथ, की समोरचे तीन-चार आडवे. आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे तात्यांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं, मशिनी थोड्याच, रुपयाला एक डाव. दादाने एका रुपयात मुस्तफा संपवला, मागे पोरांचा हा घोळका, ही कथा आमच्या घरात प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बारशाला सांगितली जाते.

त्या पार्लरला लागून आमचं सायकलचं दुकान होतं. मशीनमध्ये नाणं अडकलं की तात्या हाक मारायचे आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचो. नाण्याचं दार उघडलं की आतून तापलेल्या धुळीचा वास यायचा. पत्र्याच्या डब्यात रुपयांचा ढीग, वर वायरींचा गुंता आणि बाजूला एक छोटं बटण. ते दाबलं की मुस्तफा गायब आणि स्क्रीनवर इंग्रजीत यादी: एका नाण्याला किती डाव, सुरुवातीला जीव किती, आणि त्यातच डिफिकल्टी. तात्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, मला येत होतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. जत्रा जवळ आली की तात्या म्हणायचे, "गर्दी व्हनार हाय, वाढीव जरा." मग बाहेरगावची पोरं दुसऱ्याच बॉसला गार व्हायची आणि नाण्यावर नाणं पडायचं. फेब्रुवारी-मार्चात परीक्षा आल्या की पार्लर ओस पडायचं, तेव्हा उलटं: "कमी कर, आल्यात तेवढी तरी टिकूदेत." कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मी पाळली.

दादाचा तो एका रुपयाचा विक्रम त्याची दहावी संपली त्या आठवड्यातला. त्या महिन्यात मशीन सगळ्यात खालच्या डिफिकल्टीवर होतं. मला माहीत आहे, कारण ती मीच तिथे नेऊन ठेवली होती.

विसर्जनाच्या रात्री जेवताना मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. तात्या आता नाहीत, पार्लरच्या जागी मोबाइल रिपेअरिंग आहे, त्यामुळे शपथेचंही काही राहिलं नव्हतं. दादा म्हणाला, "पुरावा काय?" पुरावा नाही. पण मुद्दा पुराव्याचा नाहीच. त्या मशीनवर खेळणाऱ्या एकाही पोराला आपण कोणत्या डिफिकल्टीवर खेळतोय हे कधी कळलं नाही, आणि तरी सगळे गावभर मिरवत होते. माझ्या पोरीने मात्र सेटिंग स्वतः निवडलं आणि लपवलंही नाही. या दोघांत चीटर कोण म्हणायचा?

गेम अवघड असणं ही सुरुवातीला कलेची गोष्ट नव्हती, धंद्याची होती. लवकर मेलात तर दुसरं नाणं टाकाल, म्हणून जीव तीन. पार्लरचे गेम घरच्या टीव्हीवर आले तेव्हा ती सवयही सोबत आली, घरात नाणं टाकायचं नसलं तरी. कॉन्ट्रा आठवा. तीन जिवांत कॉन्ट्रा संपवणारा आमच्या आळीत कुणी नव्हता, सगळे तीस जिवांवर खेळले. त्यासाठी बटणांचा कोड होता: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हा कोड आला कुठून? कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रामर होते. १९८६ मध्ये ग्रॅडियस हा गेम घरच्या मशीनसाठी तयार करताना तो तपासून बघणं त्यांनाच जमेना, इतका अवघड. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी कोड घातला. ज्याने गेम तयार केला त्यालाच इझी मोड लागला, आणि आज लोक तो कोड टी-शर्टवर छापून अभिमानाने घालतात.

पुढचे गेम तर तुम्हाला न विचारताच डिफिकल्टी बदलतात. २००५ चा रेसिडेंट इव्हिल ४ घ्या. तुम्ही सारखे मरायला लागलात की शत्रू गुपचूप मऊ पडतात, तुम्ही सफाईने खेळत असाल तर तेच कडक होतात. त्याच वर्षीचा डेव्हिल मे क्राय ३ जपानात जो "हार्ड" होता तोच अमेरिकेत "नॉर्मल" म्हणून विकला गेला. म्हणजे अमेरिकेतला पोरगा नॉर्मल संपवून गप्प बसला आणि जपानातल्याने तेवढंच करून हार्ड मारल्याचं सांगितलं. नॉर्मल, हार्ड या पाट्या आहेत. लावणाऱ्याने त्या कशासाठी लावल्या हे बघायचं.

ज्यांना निवडच नसते त्यांचंही बोलायला हवं. आमच्या कंपनीत एकजण आहे, प्रेसखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली. द लास्ट ऑफ अस पार्ट २ मध्ये साठच्या वर सोयी दिलेल्या आहेत, नेम आपोआप लागण्यापासून ते डोळ्यांनी दिसत नसताना आवाजावर वाट काढण्यापर्यंत. या माणसाने नेमाची सोय चालू ठेवून तो गेम संपवला आणि शेवटावर माझ्याशी डबा खाताना तासभर तावातावाने भांडला. गेमची नायिका एली, तिचं चुकलं की नाही यावर. त्याला खरा गेमर म्हणायला कुणाची परवानगी लागते असं मला वाटत नाही.

आता दादाच्या बाजूने जे खरं आहे तेही लिहितो. तो उत्तम खेळायचा. मुस्तफा सगळ्यात सोपा ठेवला तरी एका रुपयात संपवणं आमच्यापैकी दुसऱ्या कुणाला जमलं नाही. आणि अवघड गेमची मजा मीही घेतलेली आहे. सेकिरोमध्ये गेनिचिरो नावाच्या बॉससमोर तलवारीला तलवार नेमकी भिडायला लागते, तो "ठण्ण" आवाज लागोपाठ यायला लागतो आणि कालपर्यंत ज्याचा वारही दिसत नव्हता तो मागे सरकायला लागतो, त्या संध्याकाळची सर दुसऱ्या गेमला नाही. सेकिरोत इझी मोड नाही आणि तो घातला नाही याबद्दल माझी बनवणाऱ्यांवर काडीचीही तक्रार नाही. त्यांचा गेम, त्यांचा निर्णय. फक्त मग सेलेस्टेवाल्यांचा निर्णयही तितकाच माना. हेच दादा एल्डन रिंगमध्ये मदतीला भुतं बोलावणाऱ्यांना नावं ठेवतो, आणि ती भुतं गेममध्येच दिलेली आहेत. गेममधलं हत्यार वापरलं म्हणून माणूस गुन्हेगार होत असेल तर तलवारही खाली ठेवायला हवी.

एक गोष्ट मात्र वेगळी. हे सगळं एकट्याने खेळायच्या गेमबद्दल आहे. बीजीएमआयमध्ये (पब्जीचा भारतातला अवतार) हॅक लावून भिंतीपलीकडची माणसं बघणारा हरामखोरच. तिथे समोर खरी माणसं आहेत, त्यांचा वेळ आणि त्यांची रँक तुम्ही चोरता. स्पीडरन (गेम कमीत कमी वेळात संपवायची शर्यत) किंवा लीडरबोर्डवर नाव लावायचं असेल तर तिथले नियम काटेकोर पाळा. तुमच्या मित्राने असलं काही केलं असेल तर माझं वरचं सगळं त्याला लागू नाही.

राहिला तुमचा गॉड ऑफ वॉर. चार डिफिकल्टी आहेत, खालून दुसरी घ्या, बॅलन्स्ड. सगळ्यात वरची पहिल्या खेळीला अजिबात नको. ती एकदा निवडली की मध्येच बदलता येत नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागतं. शिवाय सुरुवातीला क्रेटोसकडे, म्हणजे तुमच्या नायकाकडे, धड काहीच नसतं, ड्राउगर नावाचे साधे शत्रूही दोन-तीन फटक्यांत झोपवतात आणि घरी चालून येणाऱ्या त्या अनोळखी माणसाशी पहिली लढाई संपता संपत नाही. बाकी तिन्ही सेटिंग्ज कधीही खाली-वर करता येतात. कुऱ्हाड फेकून परत बोलवायची सवय हाताला लागली आणि शत्रू फारच लवकर पडायला लागले तर एक पायरी चढवा. शेवटी वाल्किरी नावाच्या जबरदस्त शत्रू येतील. त्या गोष्टीसाठी गरजेच्या नाहीत, पण सोडू नका, त्यांच्यासारख्या लढाया गेममध्ये दुसऱ्या नाहीत. त्यांची राणी सिग्रुन तुम्हाला रडवेल. लागोपाठ दोन-तीन संध्याकाळी तिच्यापुढेच गेल्या आणि मजा येईनाशी झाली, तर डिफिकल्टी उतरवा, तिला पाडा आणि झोपा, सकाळी कामाला जायचं असतं.