घरचे बटाटेवडे तेलकट का होतात? गाडीवरच्यासारखे कसे तळायचे?

तुम्ही लिहिलंय की पीठ घट्टसर भिजवता, चमचाभर सोडाही घालता, तरी वडे तेल पितात आणि पाच मिनिटांत मऊ पडतात. माझ्या मते दोष पिठाचा कमी आणि घाण्याचा जास्त आहे. सोड्याचाही आहे, पण तो नंतर बघू.

वडा तेलात पडला की आवरणातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर धावते. कडेने जे बुडबुडे दिसतात ते तिचेच. वाफ जोरात येतेय तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. पण ही वाफ तेलाच्याच उष्णतेवर होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की लिटरभर तेल साधारण एका अंशाने उतरतं. त्यात थंड सारण तापवण्याचा खर्च वेगळा. लिटरभर तेलात आठ-दहा वडे एकदम सोडले तर तेल इतकं गार होतं की घरची शेगडी पूर्ण आचेवरही ते वेळेत सावरू शकत नाही. बुडबुडे मंदावतात, आवरण कडक व्हायच्या आधीच वडा तेलात भिजत राहतो.

गाडीवाल्याकडे जाड लोखंडी कढई, त्यात पाच-सात लिटर तेल आणि खाली भट्टीची आच असते. तो वीस वडे सोडतो ते या जोरावर. त्याची कृती घरी आणता येते, त्याचा घाणा नाही.

म्हणून लिटरभर तेलात ५०-६० ग्रॅमचे चारच वडे. कढई अर्ध्याहून जास्त भरू नका. तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसला आलं की वडे एकेक करून कडेने सोडा, आणि पुढे ते १६० च्या खाली जाऊ देऊ नका. तळणीचा थर्मामीटर फार महाग नसतो, जरूर घ्या. नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा: तळाशी बसून राहिला तर तेल कच्चं, दोन-तीन सेकंदांत फसफसत वर आला तर बरोबर, येताच लाल झाला तर जास्त तापलंय. पहिलं मिनिट आच मोठी ठेवा आणि वडे हलवू नका, आवरण धरू दे. मग मध्यम आचेवर उलटसुलट करत एकूण साडेतीन-चार मिनिटं. सारण शिजलेलंच असतं, तळायचं असतं ते फक्त आवरण. दोन घाण्यांच्या मध्ये तेल परत तापू द्या. घाई होते ती नेमकी इथेच.

आता पीठ. २०० ग्रॅम चाळलेलं बेसन, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, मीठ, हळद, ओवा. पाणी २२० ते २४० मिली, पण आधी निम्मंच घालून गुठळ्या मोडा आणि मग सैल करा. वरून एक मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. डाव बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती मिटता कामा नये, आणि पीठ डावावरून ओघळायलाही हवं. घट्ट पिठाचा थर जाड बसतो, बाहेरून लाल आणि आतून कच्चट राहतो.

सोडा चमचाभर नको. चिमूटभर, किंवा नकोच. सोड्याने आवरण जाळीदार होतं आणि त्या जाळीत तेल साठतं. शिवाय रंग लवकर चढतो म्हणून वडा झाल्यासारखा वाटून कच्चाच निघतो, आणि तळणीचं तेलही लवकर बिघडतं.

वडा फुटत असेल तर सारण बघा. बटाटे सालासकट उकडा, सोलून वाफ जाऊ द्या, गोळे पूर्ण निवल्यावरच पिठात बुडवा. पण फ्रिजमधून थेट काढलेले नकोत, ते तेल गार करतात.

तळून काढल्यावरची पहिली काही सेकंदं महत्त्वाची आहेत. वडा निवू लागला की आतली वाफ आटते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. बरंचसं तेल वड्यात शिरतं ते असं, कढईबाहेर. म्हणून झारा कढईवरच दोनदा झटका आणि वडे लगेच जाळीवर सुटे ठेवा. कागदावर रचले की खालची बाजू घामेजते. डब्यात झाकले तर कुरकुरीतपणा गेलाच म्हणून समजा.

तेल फार लवकर फेकू नका. अगदी कोऱ्या तेलापेक्षा एक-दोन घाणे झालेल्या तेलात रंग चांगला येतो. प्रत्येक घाण्यानंतर चुरा झाऱ्याने काढा, तो जळून तेल काळं करतो (वडापावात घालायला तोच चुरा लागतो, तर करपायच्या आत काढलेला बरा). निवल्यावर फडक्यातून गाळून ठेवा. खाद्यव्यावसायिकांसाठी एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) १ जुलै २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणाऱ्या बिघडलेल्या घटकांवर, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण न बसणारा फेस, चिकटपणा, खवट वास किंवा नेहमीपेक्षा लवकर निघणारा धूर दिसला की ते तेल तळणीतून बाद. आणि कढईतल्या तेलाने कधी पेट घेतलाच तर गॅस बंद करून वर झाकण सरकवा, पाणी अजिबात ओतू नका.