तुमची खरी तक्रार ता. क. मध्ये आहे

ठेकेदारामार्फत चार वर्षं कारखान्याच्या असेंब्ली लाइनवर काम. जानेवारीत सुपरवायझरने सुचवलं, ‘कायम व्हायचं असेल तर बाहेर भेटावं लागेल’, आणि भेटून काय हवंय तेही सांगितलं. तुम्ही नकार दिलात. फेब्रुवारीत मशीन काढून घेऊन पॅकिंगला पाठवलं, ओव्हरटाइम बंद झाला. मार्चमध्ये तुम्ही एचआरच्या कानावर घातलं, ते ‘बघतो’ म्हणाले. आता ऑगस्ट संपत आला, आणि तुम्ही पत्रात विचारता, कंत्राटी बाईला तक्रार करता येते का?

येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेली कामगारही ‘कर्मचारी’च आहे. हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की त्यावर आणखी शाई घालवत नाही. तुमचं प्रकरण ठरणार आहे ते याच कायद्याच्या कलम 9 वर. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर अंतर्गत समिती, म्हणजे अशा तक्रारी ऐकणारी कारखान्यातलीच समिती, ते नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे एक दिवसही नाही. म्हणजे नुसती जानेवारीची घटना धरली तर तुमची मुदत जुलैमध्येच संपली.

मार्चमध्ये एक कागद का नाही दिलात, ताई? ‘कानावर घातलं’ ही कायद्याच्या लेखी तक्रार नाही. लिहिणं जमत नसेल तर समितीने मदत करायची असते, तेही कायद्यातच आहे. एचआरचं ‘बघतो’ ऐकून पाच महिने थांबलात आणि त्या पाच महिन्यांचा फायदा नेमका समोरच्याला झाला.

तुम्हाला वाटत असेल, पॅकिंगची बदली अजून चालू आहे, म्हणजे छळही चालूच आहे. इथेच बऱ्याच जणी फसतात. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नेमका हाच युक्तिवाद नाकारला. नंतरच्या प्रशासकीय कारवाया म्हणजे लैंगिक छळाची पुढची घटना नव्हे, असं म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. म्हणून बदली, बंद झालेला ओव्हरटाइम, कायम करायच्या यादीत नसलेलं नाव, केवळ यांवर भिस्त ठेवू नका.

पण पत्राच्या तळाशी तुम्ही ता. क. म्हणून एक ओळ खरडली आहे: 9 जूनला यादी लागली तेव्हा कॅन्टीनच्या रांगेत तो सुपरवायझर म्हणाला, ‘जानेवारीत सांगितलं होतं, अजूनही वेळ गेलेली नाही.’ चार पानांच्या पत्रात कामाची ओळ हीच! ही बदली नाही, यादी नाही. तीच मागणी पुन्हा केली गेली आहे आणि तिचा धागा थेट जानेवारीला जोडलेला आहे. तीन महिने इथून मोजायचे. 9 सप्टेंबरच्या आत कागद समितीच्या हातात हवा.

तक्रारीची सुरुवात 9 जूनपासून करा, मग मागे जा. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, ‘अपमानास्पद वर्तन’ असल्या गुळमुळीत शब्दांत गुंडाळू नका. त्याच अर्जात मुदतवाढही मागून ठेवा. सहा प्रती, साक्षीदारांची नावं-पत्ते आणि जे कागद हाताशी असतील ते. चौकशी चालू असेपर्यंत तुमच्या कामाचा शेरा या सुपरवायझरने लिहू नये, अशी लेखी विनंती वेगळी करा. समितीला तशी शिफारस करता येते. मला मात्र सोबत आणू नका, समितीसमोर वकिलाला परवानगी नाही.

‘कॅन्टीनमधली थट्टा होती’ असा बचाव होईल, आणि समितीला तो पटणारच नाही याची हमी मी देत नाही. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. संपेलच असं मी अशिलांना सांगणं सोडून दिलंय. दुसरा दरवाजा पोलिसांचा. शरीरसुखाची मागणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे आणि त्याची दखल घ्यायला न्यायालयाला तीन वर्षांची मुदत आहे. त्या वाटेवर जायचं की नाही, हे मी पत्रातून ठरवणार नाही. ओव्हरटाइमच्या पैशांचा दावा वेतन संहितेखाली वेगळा, त्यालाही तीन वर्षं आहेत. तो आज नको.

समितीचे सदस्य कोण, हे कारखान्यात ठळक जागी लावलेलं असायला हवं. नसेल तर त्या रिकाम्या भिंतीचा फोटो काढा. कागद घ्यायला कुणी टाळाटाळ केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. आणि 9 जूनला रांगेत तुमच्या मागे उभी असलेली ती मैत्रीण साक्ष द्यायला तयार आहे का, हे तिला आज संध्याकाळीच विचारा.