बाईंना विचारा : सतरंजीवर कोण बसलंय ते बघ

प्रश्न : बाई, मी नववीत आहे, खटाव तालुक्यातली. ‘ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आला की माझे मुद्दे इकडचे तिकडे होतात. आजोबांना विचारलं तर म्हणाले, “फरक कसला? दोन्हीकडं सरपंचच बसतो.” मग लक्षात कसं ठेवू?

उत्तर : आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं, आणि ते खोटं नाही. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेला अध्यक्ष सरपंच, ग्रामसभेलाही अध्यक्ष सरपंच. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचा वृत्तान्त, लिहिणारे ग्रामसेवक भाऊसाहेब तेच, आणि बऱ्याच गावांत जागाही तीच. घोटाळा होणारच. म्हणून तू खुर्चीकडं बघू नकोस, समोर सतरंजीवर कोण बसलंय ते बघ.

मासिक सभेत समोर असतात निवडून आलेले सदस्य. महाराष्ट्रात ते गावच्या लोकसंख्येप्रमाणे सातपासून सतरापर्यंत असतात. ही ग्रामपंचायत. ग्रामसभेत समोर असतो अख्खा गाव, म्हणजे मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तुझी आई, आजोबा, पिठाच्या गिरणीवाले काका, मजुरीला जाणारी मावशी, सरपंचांच्या विरोधात प्रचार केलेला मनुष्यसुद्धा. यांना कुणी निवडून दिलेलं नसतं. यादीत नाव आहे म्हणून ते सभासद आहेत, संविधानाच्या २४३व्या अनुच्छेदात ग्रामसभेची व्याख्या हीच आहे. निवडून यायचं नाही म्हणून मुदत नाही. पंचायत पाच वर्षांनी बदलते, कधी मध्येच बरखास्त होते. ग्रामसभा बरखास्त करता येत नाही. कशी करणार? गाव कुठं जाणार?

एवढं डोक्यात बसलं की दोन रकान्यांचा तो तक्ता पाठ करायची गरज नाही. (मला तो तक्ता कधी आवडला नाही. मुलं डावीकडचं उजवीकडं लिहितात आणि तपासणाऱ्याचं डोकं उठतं.)

आता तक्त्यात न मावणारी गोष्ट. पंचायत काम करते आणि ग्रामसभा तिला जाब विचारते. महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. वर्षातल्या पहिल्या सभेपुढं पंचायतीनं मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल आणि लेखापरीक्षणातले आक्षेप मांडायचे असतात. पाणीपट्टी किती वसूल झाली, गटारावर किती खर्च पडला, घरकुलाच्या यादीत कुणाची नावं आहेत, हे विचारायची जागा ती. चहाच्या टपरीवर सगळे विचारतात, सभेत थोडेच.

आणि थोडे का, तेही सांगते. सभेला गणसंख्या लागते : एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. पुढं जी तहकूब सभा भरते तिला गणसंख्येची अट नाही. म्हणजे पहिल्या दिवशी गाव आलं नाही, तर दुसऱ्या वेळी मोजक्या माणसांत तेच विषय मंजूर होऊ शकतात, आणि कायद्यानं ते चालतं. आमच्या गावात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पंचवीसएक माणसं, त्यांतली निम्मी भिंतीला टेकून मोबाइलवर, आणि ठरावामागून ठराव : सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. बायका आम्ही तिघीच. खरं तर प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या कायद्यातच आहे. तुझ्या आईला विचार, तिला कधी त्या सभेची नोटीस कळली होती का. विचारलंस तर उत्तर मला कळव.

एक उदाहरण मात्र परीक्षेत जरूर लिही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड गाव आहे. त्याला स्वतःची वेगळी ग्रामपंचायत नव्हती, ते लेखा गट ग्रामपंचायतीत मोडायचं. ग्रामसभा मात्र त्याची स्वतःची, आणि तिथं निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वांच्या सहमतीनं व्हायचे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांचीच घोषणा. वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना वनखात्याकडंच अडून राहिला. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पंचायत नसलेल्या गावाची ग्रामसभा! दोन्ही एकच असत्या, तर हे घडलंच नसतं. आजोबांना हे वाचून दाखव.

शिवाय, सरपंच थेट लोकांतून निवडायचा की सदस्यांतून, हे आपल्याकडं हल्ली सरकारबरोबर बदलतं. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. गाइड जुनं असेल तर ते पान तपासून घे.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे. माझी मुलगी दहावीत, भाची गोव्यात पेडण्याला दहावीत. दोघी एकत्र अभ्यासाला बसल्या आणि भांडण लागलं. मुलगी म्हणते पंचायत राज तीन स्तरांचं, भाची म्हणते आमच्याकडं पंचायत समिती नाहीच. खरी कोण?

उत्तर : दोघी खऱ्या. भांडण मिटवायला २४३ ब अनुच्छेद उघडा. गाव, मधला आणि जिल्हा असे तीन स्तर त्यात सांगितले आहेत, पण ज्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांपेक्षा जास्त नाही, त्याला मधला स्तर न ठेवायची मुभा आहे. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. म्हणून तिथं ग्रामपंचायत आणि तिच्यावर थेट जिल्हा पंचायत. नावही पाहा, आपल्यासारखी ‘परिषद’ नाही. निवडून आलेल्या सदस्याला तिकडं ‘पंच’ म्हणतात, हे तुमच्या भाचीला माहीत असेलच.

आपल्याकडं मात्र तालुक्याला पंचायत समिती हवीच. त्याची मुळं पंचायतींना संविधानात जागा देणाऱ्या ७३व्या घटनादुरुस्तीच्या बरीच आधीची आहेत. ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीनं तीन स्तर सुचवले. मेहतांचा भर मधल्या स्तरावर होता. महाराष्ट्रानं वसंतराव नाईक समिती नेमली, तिनं जोर जिल्ह्यावर दिला, आणि १ मे १९६२ पासून आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या. झेडपीच्या शाळा, झेडपीचे दवाखाने हे शब्द आपल्या तोंडी इतके का रुळले, ते यावरून कळेल. मुलीला सांगा, उत्तरात ‘भारतात’ न लिहिता ‘महाराष्ट्रात’ लिही. एका शब्दानं वाद संपतो.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या शाळेच्या कुंपणाचा विषय ग्रामसभेत मांडायचाय. मला बोलता येईल का? आणि अठरा झाल्यावर निवडणुकीला उभं राहता येईल का?

उत्तर : सभासद होण्यासाठी मतदारयादीत नाव लागतं, म्हणजे अठरा पूर्ण. तोवर तुला मत नाही. पण विषय मांडायला आई-बाबा आहेत ना? त्यांच्याकडून लेखी अर्ज पंचायतीत दे, पोच घे, आणि सभेची नोटीस निघण्याआधी दे. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. त्या विषयपत्रिकेवर कुंपण आलं तर चर्चा होईल. ‘आयत्या वेळचे विषय’ यात टाकलंस तर तोवर निम्मी सतरंजी रिकामी झालेली असेल.

उभं राहायचं तर एकवीस पूर्ण हवीत. मत द्यायचं वय १९८९ मध्ये एकविसावरून अठरावर आलं, उमेदवारीचं नाही. विधानसभा-लोकसभेला पंचवीस, राज्यसभा आणि विधान परिषदेला तीस. सतरा पूर्ण झाली की मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरता येतो. वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा असतात, म्हणजे त्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागतात. तुझा वाढदिवस त्यांतल्या कोणत्या तारखेच्या आधी येतो ते बघून ठेव.