पंपिंग पस्तीस की बेचाळीस?

हृदयविकारावरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मॅडम, माझं वय ६३. यंत्रमागावर जॉबर म्हणून तीस वर्षं काढली. मागच्या दिवाळीत अटॅक आला, स्टेंट बसवली. चार महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तर पंपिंग ३५. डॉक्टर म्हणाले, औषधं घेऊनही आकडा ३५ वर किंवा त्याखालीच राहिला तर छातीत शॉक देणारं मशीन बसवायचा विचार करू. घरच्यांनी दुसरीकडे इको करायला लावला. तीन आठवड्यांत ४२! औषधं तीच. मुलगा म्हणतो बेचाळीस खरं धरा. बायको विचारते, उरलेलं ६५ टक्के हृदय मेलंय का? – एक वाचक, इचलकरंजी

आधी काकूंना उत्तर देते, कारण हा प्रश्न मला ओपीडीत रोज कुणीतरी विचारतं. नाही, मेलेलं नाही. पंपिंग म्हणजे परीक्षेतले शंभरपैकी मार्क नव्हेत. कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर जातं, तो हा आकडा. धडधाकट माणसाच्या डाव्या कप्प्यात समजा १२० मिली रक्त भरलं, तर एका ठोक्याला साधारण ७० मिली बाहेर जातं आणि ५० आतच राहतं. म्हणजे पंपिंग ५८ टक्के. शंभर टक्के कुणाचंच नसतं. ५५ ते ७० म्हणजे झकास. आता फुगलेलं हृदय घ्या. त्यात २०० मिली रक्त मावतं आणि पंपिंग ३५ असलं, तरी बाहेर जातं ७० मिलीच. म्हणून तर तुम्ही ३५ वरही चालत बाजारात जाऊन येऊ शकता. फुगलेल्या हृदयाला त्याची किंमत मोजावी लागतेच, पण तो वेगळा विषय.

आता तुमचं भांडण. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण इकोमध्ये पंपिंग थेट मोजलं जात नाही, काढलं जातं. दोन बाजूंनी चित्र घ्यायचं, कप्प्याच्या आतल्या कडेवरून माउसने रेघ ओढायची. मग संगणक काकडीच्या चकत्या पाडाव्यात तशा कप्प्याच्या चकत्या पाडतो आणि त्यांची बेरीज करून घनफळ काढतो. कड धूसर असली, रुग्ण जाड असला, श्वास धरता आला नाही की रेघ हलते. दोन चांगल्या हातांतसुद्धा पाच-सात टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय घाईच्या दिवशी नुसत्या नजरेने अंदाज लिहिणारे आमच्यात कमी नाहीत.

मीही त्यातलीच होते. शिकाऊ असताना एका आजोबांचं पंपिंग मी झोकात ४५ लिहिलं. सरांनी रिपोर्ट पाहिला, काही बोलले नाहीत. आजोबांना आणखी डाव्या कुशीवर वळवलं, छातीवर टेकवायचा प्रोब एक बरगडी खाली सरकवला, आणि हृदयाच्या टोकाशी एक पातळ, न हलणारा फुगा पडद्यावर आला. मी टोक कापून चित्र घेतलं होतं. उरलेला भाग छान हलत होता, म्हणून आकडा छान आला. सरांनी ३० लिहिलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

काका, तुम्ही यंत्रांत आयुष्य काढलंत म्हणून एक गंमत सांगते. इकोचं मूळ कारखान्यातच आहे. धातूतल्या भेगा शोधायला वापरायचं ध्वनिलहरींचं यंत्र १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी माणसाच्या छातीवर लावलं, तिथून हे सुरू झालं.

तर करायचं काय? दोन्ही रिपोर्टांत ‘बायप्लेन सिम्प्सन’, म्हणजे वर सांगितलेली चकत्यांची पद्धत, असं लिहिलंय का बघा. ज्यात नाही, तो आकडा अंदाजाचा धरा. पुढचा इको शक्यतो त्याच जागी, त्याच मशीनवर करा आणि जुनी चित्रं सोबत न्या, नुसता कागद नको. आणि मशीन बसवण्यासारखा निर्णय ३५ च्या उंबरठ्यावर अडलेला असेल, तर हृदयाचा एमआरआय करून घ्यायचा का, असं डॉक्टरांना विचारा. त्यात बुडापासून टोकापर्यंत हृदयाचे खरेच एकाखाली एक छेद घेतात, आकाराबद्दल काही गृहीत धरावं लागत नाही. गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून दिलं की ते निरोगी स्नायूतून निघून जातं आणि व्रणात रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटांनी व्रण पांढरा उमटतो. भिंतीची किती जाडी जळली आहे ते मग दिसतं. हे इकोत असं दिसत नाही. पाऊण तास बोगद्यात पडून ‘श्वास सोडा, धरा’ ऐकावं लागेल. स्टेंटची अडचण नाही. मूत्रपिंडं बरीच कमजोर असतील तर मात्र औषध देण्याआधी विचार करतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवा.

मुलाला सांगा, बेचाळीस आवडलं म्हणून खरं ठरत नाही.

बाबा ७४ वर्षांचे. पंपिंग ६०, तरी जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पायावर सूज येते. इकोत भिंती जाड आहेत, ‘बीपीमुळे’ असं लिहिलंय. पण बीपी तर आता इतकं कमी होतं की गोळ्या बंद केल्या. दोन वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं (मनगटात नस दबते त्याचं) ऑपरेशन झालं, त्याचा संबंध नसेलच. – एक वाचक, रत्नागिरी

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि मी तिथेच थांबले. संबंध असू शकतो.

पंपिंग ५० च्या वर असूनही हृदय निकामी होतं. ते आकसतं बरं, पण सैल पडत नाही, म्हणून रक्त मागे तुंबतं. अशा वेळी मी पंपिंगपेक्षा स्ट्रेन बघते. इकोच्या चित्रात स्नायू रवाळ दिसतो. संगणक त्यातल्या ठिपक्यांचा माग काढतो आणि स्नायू लांबीत किती आखडला ते सांगतो. चांगला स्नायू साधारण पंचमांशाने आखडतो. रिपोर्टात उणे २० च्या आसपास आकडा असतो. पंपिंग ६० असताना स्ट्रेन उणे ११ आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

तुमच्या बाबांचं वय, जाड भिंती, आपोआप उतरलेलं बीपी आणि दोन्ही मनगटं हे सगळं एकत्र मांडलं की अमायलॉइडची शंका येते. त्यात एक विकृत प्रथिन हृदयाच्या भिंतीत साठत जातं. मनगटातही साठतं, आणि तिथे ते बरीच वर्षं आधी त्रास देतं. स्ट्रेनच्या गोल नकाशात अशा रुग्णांचं टोक तेवढं शाबूत असतं. कडेने फिकं, मधोमध लालभडक, कपाळावरच्या कुंकवासारखं. ईसीजीही बघायला सांगा. भिंती जाड आणि ईसीजीच्या रेघा मात्र खुज्या, अशी विसंगती असली तर शंका वाढते.

पुढची तपासणी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते. टेक्नेशियम पायरोफॉस्फेट हे मुळात हाडांच्या स्कॅनचं औषध. हृदय बरगड्यांइतकं किंवा त्याहून जास्त उजळलं, तर ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनापासून होणाऱ्या जातीचा अमायलॉइड असण्याची शक्यता मोठी. पण त्यासोबत रक्ताची फ्री लाइट चेन आणि रक्त-लघवीची इम्युनोफिक्सेशन तपासणी हवीच. ती चुकवू देऊ नका. दुसऱ्या जातीचा अमायलॉइड रक्ताच्या विकारातून येतो आणि त्यात आठवडेसुद्धा दवडता येत नाहीत. कदाचित काहीच निघणार नाही. तरी मनगटांच्या ऑपरेशनचा कागद हृदयाच्या फाइलीत लावून मगच डॉक्टरांकडे जा.

मुलगा अमेरिकेतून फोनला जोडायचा इकोचा प्रोब आणतो म्हणतोय. त्यातला एआय पंपिंग सांगतो म्हणे. आणू दे का? – एक वाचक, नाशिक

अजिबात नको! आमच्या इकोच्या खोलीबाहेरही ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी का असते? सोनोग्राफीचं कुठलंही मशीन गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदवावं लागतं. बिननोंदणीचं घरात ठेवलंत तर हृदयाआधी पोलिसांमुळेच धाप लागेल.

एआय मात्र थट्टेचा विषय नाही. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात ३,४९५ इकोंवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पहिला आकडा तंत्रज्ञाने काढला की एआयने, हे हृदयतज्ज्ञाला सांगितलं नव्हतं. तंत्रज्ञाच्या आकड्यात त्यांनी २७.२ टक्के वेळा मोठा बदल केला, एआयच्या आकड्यात १६.८ टक्के वेळा. पण ती चित्रं कसलेल्या हातांनी घेतलेली होती. टोक कापलेलं चित्र दिलं तर एआय माझ्यासारखाच ४५ लिहील.

वय ४१. दोन वर्षांपूर्वी हृदय फुगलं होतं, पंपिंग २५. रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या. आता ५५! गोळ्या बंद करू? – एक वाचक, नागपूर

लंडनमध्ये तुमच्यासारख्याच ५१ जणांवर हे करून पाहिलं. पंपिंग सुधारलेलं, त्रास काही नाही. त्यातल्या २५ जणांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने थांबवल्या. सहा महिन्यांत ११ जणांचं हृदय पुन्हा बिघडलं. गोळ्या सुरू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचंही नाही. चालू ठेवा, आणि पुढच्या इकोला स्ट्रेन लिहून मागा.