‘जिंजरब्रेड’ घर : पाव कुठून आला आणि नक्षी कुठे गेली?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या जुन्या घरांवरच्या एका लेखाचं भाषांतर करताना व्हरांड्याच्या ‘जिंजरब्रेड’चा, म्हणजे लाकडी नक्षीदार सजावटीचा, उल्लेख सारखा येतो. ‘आल्याचा पाव’ लिहिणं हास्यास्पद होईल. मग काय लिहावं? आणि शब्दात थोडी हेटाळणी आहे का?

आहे. ती कशी आली हे पाहिलं की ही घरं का मागे पडली तेही कळतं.

आधी पाव बाजूला ठेवू, कारण तो मुळात नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘जिंजेंब्रास’ म्हणजे मुरवलेलं आलं. त्याचा शेवट इंग्रजांना ‘ब्रेड’सारखा वाटला. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचं रूप देणं म्हणजे लोकव्युत्पत्ती; तिचा हा अस्सल नमुना. पुढे इंग्लंडच्या जत्रांमध्ये साच्यातून काढलेला, वर सोनेरी वर्ख लावलेला खाऊ या नावाने विकला जाऊ लागला. अठराव्या शतकात खलाशी जहाजावरच्या सोनेरी कोरीवकामालाही हेच म्हणू लागले, आणि नंतर शब्द जमिनीवर येऊन घरांना चिकटला.

अशी नक्षी पूर्वी कारागीर छिन्नीने कोरायचा, म्हणून ती श्रीमंताघरीच दिसे. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या जोरावर चालणाऱ्या बारीक पात्याच्या करवती आल्या. खांबांचे कंस, कठडे, पाखाखालची झालर हे सगळं कारखान्यात धडाधड कापलं जाऊ लागलं. कॅटलॉग बघून मागवा, रेल्वेने येईल, खिळे ठोकून लावा! कॅलिफोर्नियातल्या युरेका इथे विल्यम कार्सन या लाकूड-व्यापाऱ्याने १८८४ ते १८८६ मध्ये बांधलेला वाडा म्हणजे या हौसेचं टोक. त्याचं एक वेळ ठीक, लाकूड घरचंच होतं. पण साध्या शेतकऱ्याच्या घरालाही झालर लागली, तेव्हा झालरीचा तोरा उतरला.

ही घरं मागे पडण्याची बाकीची कारणं पटकन सांगतो. १८९३च्या मंदीने हात आखडले. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या पांढऱ्या, अभिजात धाटणीच्या इमारतींनी लोकांची नजर बदलली. रोगजंतूंची भीती पसरल्यावर कोनाकोपऱ्यांतली धूळ खुपू लागली, आणि ती पुसायला मोलकरीण मिळेना. एवढ्या लाकडाला दर काही वर्षांनी रंग द्यायचा, तो खर्च वेगळा. व्हिएन्नाचे वास्तुकार अडोल्फ लोस यांनी तर ‘अलंकार आणि गुन्हा’ असं थेट समीकरणच मांडलं. १९६०च्या ‘सायको’ या हिचकॉकच्या भयपटापर्यंत असं घर दिसलं की आत काहीतरी भयंकर आहे, हे प्रेक्षक गृहीत धरू लागला होता. सॅन फ्रान्सिस्कोत ही घरं पुढे रंगीबेरंगी होऊन पुन्हा मिरवू लागली, हा भाग निराळा.

भाषांतरात साध्या वर्णनासाठी मी ‘कातीव लाकडी झालर’ लिहीन. ‘नक्षीकाम’ फार मोघम आहे, दगडालाही चालतं. लेखक नाक मुरडत असेल तिथे मात्र आपल्याकडे याहून नेमका शब्द तयार आहे : हलव्याचे दागिने.