एआय सर्चमध्ये गुगल ड्राइव्ह ‘कनेक्टेड’ दिसतं, तरी निम्म्या फाइल्स सापडत नाहीत. शिवाय दर आठवड्याला पुन्हा लॉगिन करावं लागतं. काय करू?

या दोन वेगळ्या भानगडी आहेत, एकत्र सोडवायला गेलात तर गुंता वाढेल.

आठवड्याचं आधी, कारण ते सोपं आहे. कनेक्टरसाठी, म्हणजे टूलला ड्राइव्हशी जोडणाऱ्या भागासाठी, गुगल क्लाउड कन्सोलमध्ये स्वतःचं ओऑथ अ‍ॅप (ड्राइव्ह वाचायची परवानगी मागणारं अ‍ॅप) बनवलंय का? ते ‘एक्स्टर्नल’ असून ‘टेस्टिंग’वरच राहिलं असेल, तर ड्राइव्हचं रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता जोडणी चालू ठेवणारी किल्ली) ७ दिवसांत संपतं. वापर कंपनीच्या गुगल वर्कस्पेसपुरताच, म्हणजे कंपनीच्या खात्यांपुरताच असेल तर अ‍ॅप ‘इंटर्नल’ करा आणि एकदा नव्याने लॉगिन करा.

आता फाइल्स. मी रावेरकडे केळी निर्यातीच्या एका पॅकहाउसचे कॉम्प्युटर सांभाळतो. आमच्याकडेही हेच झालं होतं, आणि मालकांचं एकच पालुपद, “हिरवं शे ना भाऊ!” हिरव्या टिकचा अर्थ एवढाच की लॉगिन चालू आहे. किती फाइल्स वाचल्या गेल्या, हे ती सांगत नाही. ते सिंकच्या लॉगमध्ये, म्हणजे टूलने फाइल्स वाचल्याच्या नोंदीत बघायचं. तिथे एरर कोड ४०३ दिसला तर बहुधा परवानगी नाही, ४२९ दिसला तर मागण्या फार झाल्यात. तेव्हा थांबायचं, पुन्हापुन्हा ‘सिंक नाऊ’ दाबायचं नाही.

मग जोडणी कोणाच्या लॉगिनने केली ते विचारा. आमची अकाउंट्समधल्या मुलीने केली होती, म्हणून टूलला तिला दिसायच्या तेवढ्याच फाइल्स दिसत. पुढे तिने नोकरी सोडली, खातं बंद झालं आणि नवीन काहीच येईना. त्यासाठी वेगळं खातं ठेवा आणि हव्या त्या प्रत्येक शेअर्ड ड्राइव्हमध्ये त्याला सदस्य करा.

एवढ्यावरही अडलं तर न सापडणारी एकच फाइल धरा. टूलमध्ये ती आधी फाइलच्या मालकाच्या लॉगिनने शोधा, मग तुमच्या. त्याला सापडली आणि तुम्हाला नाही, तर फाइल वाचली गेली आहे, शेअरिंग अडवतंय. आमचा एक सुपरवायझर टूलमध्ये घरच्या जीमेलने यायचा आणि फाइल्स शेअर होत्या कंपनीच्या मेलवर. पण म्हणून वैतागून ‘सगळ्यांना शेअर’ करू नका. पगाराची शीट उद्या कुणाच्याही उत्तरात येईल.

दोघांनाही सापडली नाही, तर फाइलच्या आत बघा. माझे तीन दिवस इथेच गेले. बागायतदारांसोबतचे जुने करार युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. पडद्यावर स्वच्छ ‘केळी’ दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. सर्च वाचतो ती खिचडी. खात्री करायची तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसली नाही, तर कनेक्टर बदलून काही होणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून फाइल पुन्हा चढवावी लागते. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच आहे. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारी सोय) नसेल तर टूलच्या लेखी तो नुसता फोटो. ओसीआर असलं तरी मराठी चालते का ते तपासा. आमच्याकडे इंग्रजी बिलं सापडायची, मराठी पावत्या नाही.

तरीही अडलं तर लॉगमधली एररची ओळ इथे टाका. त्यातलं टोकन आणि क्लायंट सीक्रेट (ओऑथ अ‍ॅपचा पासवर्ड) तेवढं आधी खोडा.