‘सढळ हाताची होती’ याच्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न : आमची आई ९२व्या वर्षी गेली. जन्मभर शेतात आणि घरात राबली. घरच्यांसाठी तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे, पण लिहायला बसलं की ‘प्रेमळ, कष्टाळू, सढळ हाताची’ याच्या पुढे लेखणी सरकत नाही. — धाकटी मुलगी

विशेषणं खरी असली तरी ती कोणाच्याही आईला लागू पडतात. म्हणून लिहायला बसण्याआधी गोळा करायला लागा. तिने जे जे दिलं त्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहा : कोणाला दिलं, काय, किती, मागितल्यावर की न मागता, आणि कशातून. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. भरल्या कोठारातून मापभर धान्य देणं वेगळं आणि पीक बुडालेल्या वर्षी बियाण्यासाठी राखलेल्यातलं मापभर देणं वेगळं. त्यात पुढच्या पेरणीची जोखीम असते आणि ती जोखीम तिने जाणूनबुजून घेतलेली असते.

यातलं बरंचसं घरच्या मुलांना ठाऊकच नसतं, कारण देणारी बाई सांगत नाही. साक्षीदार घराबाहेर असतात : शेजारणी, काढणी-मळणीला येणारे मजूर आणि त्यांची मुलं, दूध नेणारा, गुरांचा डॉक्टर, तिच्या माहेरची माणसं. यादी करा आणि सगळ्यांत थकलेल्या माणसाकडे आधी जा. ‘आईबद्दल काही सांगा’ असं विचारलंत तर ‘फार चांगल्या होत्या हो’ एवढंच उत्तर येईल. त्यापेक्षा विचारा : कामाला आलात की दुपारी कुठे बसायचात? जेवायला कोण वाढायचं? संध्याकाळी निघताना हातात काय असायचं? घरात आजारपण असलं की कोण यायचं? जमल्यास तिचं एखादं भांडं किंवा अवजार बरोबर न्या. वस्तू हातात आली की माणसं आपोआप बोलू लागतात. एका बैठकीला पाऊण तास पुरे; त्यानंतर आठवणी थकतात.

आणखी एक करून पाहा. धान्य मोजायचं तिचं जुनं माप घरात असेल तर ती हाताने सपाट करून द्यायची की शीग लावून, हे विचारून घ्या. मग तेच माप एकदा सपाट आणि एकदा शिगेसकट भरून वजन करा. उंची आणि तोंडाची रुंदी सारखी असेल तर शीग साधारण सपाट मापाच्या बाराव्या हिश्शाएवढी भरते. भांडं बसकं आणि रुंद तोंडाचं असेल तर त्याहून बरीच जास्त. धान्यागणिक थोडा फरक पडेल. तो आकडा पुस्तिकेत जसाच्या तसा लिहा. ‘सढळ’ हा शब्द मग वापरावाही लागणार नाही.

प्रश्न : आजीच्या वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं वय आहे. कोणतं धरावं? — नातू

घटनेच्या सर्वांत जवळच्या काळात तयार झालेला कागद जास्त भरवशाचा. पुढे अंदाजाने सांगितलेलं वय बहुधा ५ किंवा १०च्या पटीत असतं. कागदावर ४०, ४५, ५० असं दिसलं की सावध व्हा.

एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा : साल, तिचं वय, घरात काय घडलं, शेतात काय घडलं. मुलांचे जन्मदाखले, जमिनीची कागदपत्रं, कर्जाच्या पावत्या यांवरच्या तारखा आधी भरा. बाकीचं त्यांना टेकवत जा. ‘विहीर खणली तेव्हा थोरला रांगत होता’ असं कोणी सांगितलं तर मुलं साधारण ७ ते १० महिन्यांची असताना रांगू लागतात. थोरल्याच्या जन्मतारखेवरून विहिरीचा हंगामसुद्धा काढता येतो. तरीही मेळ बसला नाही तर दोन्ही सालं द्या आणि ‘सुमारे’ लिहा.

हे रकाने भरताना एक चूक हमखास सापडते : शेताचा रकाना वडिलांच्या नावाने भरला जातो आणि आईच्या वाट्याला ‘मदत केली’ एवढंच येतं. बियाणं कोणी निवडलं, गाभण गाय विकायची नाही हे कोणी ठरवलं, मजुरांचा हिशेब कोणाच्या तोंडपाठ होता, हे विचारा आणि क्रियापदं तिच्या नावावर घाला.

प्रश्न : तिचे फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये अडकलेत. तिच्या आवाजाची एक कॅसेटही आहे. — सून

फोटो ओढू नका. आधी अख्ख्या पानाचा, आहे तसा, फोटो काढा. मग दात साफ करायचा, मेण न लावलेला दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवा. निघाला नाही तर तसाच स्कॅन करा : नेहमीच्या आकाराला ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), अगदी लहान फोटोला १२००, आणि मूळ प्रत टिफ प्रकारच्या फाइलमध्ये. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला; बॉलपेनचा दाब समोर उमटतो. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिएस्टरच्या घ्या. मेसेजिंग ॲपवर फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी तो लहान होऊन जातो.

कॅसेटला बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नका, जाणकाराकडे द्या. बुरशी नसेल तर वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे कान मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या आणि मगच वॅव्ह फाइलमध्ये उतरवा. सगळ्याच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी.

प्रश्न : ज्यांना आईने मदत केली त्यांची नावं छापावीत का? — थोरला मुलगा

त्यांनी स्वतः होकार दिला तरच. तिने गाजावाजा न करता दिलं. घेणाऱ्याची लाज राखणं हाही त्या देण्याचाच भाग होता. ‘शेजारच्या एका मुलीची शाळेची फी’ एवढं पुरतं. रक्कम, वर्ष आणि पैसे कुठून आले हे मात्र गाळू नका.

प्रश्न : शोकसभेत वाचायला किती लिहावं? — पुतणी

४५० ते ५०० शब्द. सावकाश वाचले तर चार-पाच मिनिटं. सगळं आयुष्य त्यात कोंबू नका, दोन प्रसंग पूर्ण सांगा. १६ पॉइंटचा टाइप, ओळींत दीडपट अंतर, कागदाची एकच बाजू, आणि प्रत्येक पान पूर्ण वाक्यावर संपवा. वाचताना कंठ दाटून येतोच, म्हणून दुसरी प्रत शेजारी बसलेल्या कोणाच्या तरी हातात ठेवा आणि थांबल्यास पुढे त्यांनी वाचायचं हे आधीच सांगून ठेवा.